पश्चिमेस कोण?

नाना फोटो बघायचे तेव्हा माणसांकडे बघायचेच नाहीत. फोन हातात घेतला की चष्मा कपाळावर ढकलायचे, स्क्रीन नाकाशी आणायचे आणि वरच्या डाव्या कोपऱ्यापासून सुरुवात करायचे. वरची कड, उजवी कड, खालची, मग डावी. अशी पूर्ण फेरी झाली की फोन परत. फोटोच्या मधे नवरी असो, मंत्री असो नाहीतर त्यांचा स्वतःचा नातू असो, त्यांना कर्तव्य नसे.

“मधल्या माणसाला कुणीही बघतं, मॅडम,” ते म्हणायचे. “कडेचं बघायला सरकार मला पगार देत होतं.”

आणि ते खरंच होतं. नाना माझे घरमालक. धुळ्याला देवपुरात त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर मी भाड्याने राहायचे आणि जवळच्याच एका कॉलेजात प्रयोगशाळा सहायक होते. नानांची सगळी नोकरी जमीन मोजणीत गेली होती. साखळी घेऊन ते जिल्हाभर शेतं मोजत हिंडले, भावाभावांच्या भांडणात मधे उभे राहून खुणेचे दगड रोवले, शिव्या खाल्ल्या. निवृत्त झाले तरी मोजणी काही अंगातून गेली नाही. जेवायच्या ताटातसुद्धा भाजी आमटीच्या हद्दीत गेली की त्यांचा चेहरा उतरायचा. जमिनीच्या कागदावर जशी चतुःसीमा लिहितात, पूर्वेस कोण, पश्चिमेस कोण, तशीच ते प्रत्येक गोष्टीची बघायचे. नकाशासारखं वर उत्तर, खाली दक्षिण.

माझ्या फोटोंची आणि त्यांची गाठ पडली ती योगायोगाने. एकदा नळाला पाणी आलं नाही म्हणून मी रिकाम्या टाकीचा फोटो काढून त्यांना दाखवायला खाली गेले. नानांनी नेहमीसारखी फेरी मारली आणि म्हणाले, “उत्तरेस तुमचा अंगठा आहे. दक्षिणेस कुणाची तरी चप्पल. पूर्वेस वायर. टाकी आहे कुठे यात?”

मी म्हटलं, “मधे आहे ना नाना.”

“मधे तर सगळंच असतं,” ते म्हणाले आणि पाण्याचा विषय तिथेच राहिला.

आमच्या घरात मी फोटोसाठी बदनाम होते. कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर माझा फोटो पडला की भाऊ लगेच विचारायचा, मुंडकी कुठल्या पार्सलने येणार आहेत? मी हसून सोडून द्यायचे. पण एक फोटो मला काढायचाच होता, आणि तो बिघडवून चालणार नव्हता. तो आईचा.

त्याचं असं झालं होतं. आबा, म्हणजे माझे वडील, गेले तेव्हा त्यांचा एकही धड फोटो घरात सापडेना. दहाव्याच्या आत फ्रेम हवी म्हणून चुलतभावाने कुठल्याशा लग्नातला जुना ग्रुप फोटो शोधला आणि भडगावच्या एका स्टुडिओतून त्यातले आबा कापून मोठे करून आणले. भिंतीवर आजही तोच आहे. आबा बरे आलेत, पण कडेला कुणाच्या तरी साडीची एक पट्टी तशीच राहिली आहे. उन्हाने तिचा रंग उडून तपकिरी झालाय. हार घालताना प्रत्येक वेळी मला ती पट्टी खुपायची. माणूस आयुष्यभर राबतो आणि शेवटी दुसऱ्याच्या फोटोतून उसना काढावा लागतो, याचा मला राग यायचा. आईचं असं होऊ द्यायचं नाही, हे मी तेव्हाच मनाशी पक्कं केलं होतं. तिचा फोटो ती असतानाच, तिच्यासाठी म्हणून, नीट काढलेला हवा होता.

आई मात्र फोटोच्या जवळ येईना. आबा गेल्यापासून लग्नकार्यात फोटोची वेळ आली की ती आपण होऊन बाजूला व्हायची. म्हणून गेल्या काही वर्षांच्या सगळ्या फोटोंत ती अर्धी आहे. कुठे खांदा, कुठे बांगड्यांचा हात, कुठे कुणाच्या फेट्यामागून एक डोळा. मी घरी जाऊन फोन समोर धरला की तोंड फिरवायची.

“भीतवर टांगाले फोटू काढी राहिनी का?” ती म्हणायची. “मी आजून जित्ती शे.”

ती काही चुकीचं बोलत नव्हती.

हे सगळं मी नानांना एका संध्याकाळी सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला लग्नपत्रिकेच्या जाड पुठ्ठ्याचा एक तुकडा दिला. मधे फोनच्या आकाराची चौकोनी खिडकी ब्लेडने कापलेली होती, अगदी काटकोनात.

“फोन बंद,” नाना म्हणाले. “आधी यातून बघा. मोजणीला गेलो की आम्ही पहिल्या दिवशी साखळी सोडतच नव्हतो. आधी शेताला फेरी.”

मी शिकलेली बाई, कॉलेजात नोकरी करणारी, आणि पांझरेच्या पुलावर एका म्हाताऱ्याबरोबर पुठ्ठा डोळ्याला लावून उभी. माझ्या कॉलेजची पोरं बाईकवरून जाताना वळून वळून बघायची. एकीने तर विचारलं, मॅडम, ग्रहण आहे का आज? लाज वाटली, नाही म्हणत नाही. पण एकदा हट्टाला पेटले की मी कुणाची नसते, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. कॉलेज सुटलं की पुठ्ठा घ्यायचा आणि निघायचं, असं मी कितीतरी दिवस केलं.

नानांचं शास्त्र सगळं शेतातलं होतं. नदी आणि आभाळ जिथे मिळतात ती रेघ मी चौकोनाच्या बरोबर मधे धरली की ते ओरडायचे, “बांध शेताच्या मधोमध घालतं का कुणी? वर तरी न्या नाहीतर खाली. काय पेरायचं ते आधी ठरवा.” माणसाच्या डोक्यातून विजेचा खांब उगवला की ते अतिक्रमण. ते हटवायला नोटीस लागत नाही, आपण बाजूला सरकायचं. फोनवर बोटांनी चित्र मोठं केलेलं त्यांना अजिबात खपायचं नाही. “पाय कशाला दिलेत? जवळ जा.” आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे वाट. शेताला जायला वाट नसेल तर ते शेत असून नसल्यासारखं. तशी फोटोत डोळ्याला शिरायला वाट पाहिजे. पायरी असेल, कठडा असेल, उन्हाचा पट्टा असेल, काहीतरी धरून डोळा आत गेला पाहिजे. हे मला पहिल्यांदा कळलं ते बाजारातल्या केळीवालीकडे बघताना. तिच्या हातगाडीचा दांडा खालच्या कोपऱ्यातून थेट तिच्या हातापर्यंत जात होता. मी पुठ्ठा तसाच धरून ठेवला आणि नानांना म्हटलं, बघा. त्यांनी वाकून बघितलं, चारी कडा तपासल्या आणि म्हणाले, “हद्द कायम.”

त्यांच्याकडून मिळणारी ही सगळ्यात मोठी शाबासकी. मी त्या दिवशी घरी जाऊन शिरा केला.

मावळतीच्या सूर्याचे फोटो काढायला मात्र त्यांची सक्त मनाई होती. “तो रोज मावळतो. पुरावा कशाला पाहिजे?”

आता कुणाला वाटेल नाना मोठे कलावंत असतील. छे! त्यांच्याकडे बटणांचा फोन होता आणि जन्मात त्यांनी फोटो काढला नव्हता. एकदा मीच आग्रहाने माझा फोन त्यांच्या हातात दिला आणि नानींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, ओट्यावर बसवलं. नानांनी इतका वेळ लावला की ओट्यावरचं ऊन सरकून भिंतीवर गेलं. झाडू हलवला, तुळशीची कुंडी हलवली, दाराची चौकट कडेला समांतर येईपर्यंत मागेपुढे झाले. शेवटी बटण दाबलं. चारी कडा चोख आल्या. मधे नानी जांभई देत होत्या.

नानींनी फोटो बघितला आणि कपाळाला हात लावला. “जलमभर बांधच मोजा यासनी,” त्या मला म्हणाल्या. “पीक काय शे, ते कधी देखं नही.”

नाना ओशाळले, पण हरले नाहीत. “पीक बदलतं,” म्हणाले. “हद्द राहते.”

मला त्या दोघांचंही पटलं होतं. पण नानींचं म्हणणं मी जरा जास्त जपून ठेवलं.

नानांमुळे एकदा एका लग्नाची पंगत उशिरा बसली, ती गोष्ट त्यांच्या नातेवाइकांत अजून निघते. जामनेरला त्यांच्या पुतण्याच्या मुलीचं लग्न होतं आणि मला सराव व्हावा म्हणून त्यांनी बरोबर नेलं होतं. अक्षता पडल्या, घरच्यांचा फोटो सुरू झाला. मोठा फोटोग्राफर होता, दिवे, छत्र्या, हाताखाली माणसं. नाना खुर्चीत बसून पुठ्ठ्यातून बघत होते. एकाएकी उठले आणि स्टेजवर चढले.

स्टेजच्या पायरीवर नवरीची आत्या उभी होती. तिचे यजमान गेलेले. भाचीचं लग्न म्हणून बघायचं तर होतं, पण शुभकार्यात पुढे कसं यायचं म्हणून ती निम्मी खांबाआड उभी. आमची आई उभी राहते तशीच. मला बघवेना.

नाना फोटोग्राफरला म्हणाले, “पूर्वेस अर्धा माणूस आहे. एक तर पूर्ण आत घ्या, नाहीतर बाहेर.”

“काका, त्यांना नंतर कापून टाकतो ना,” तो घाईत म्हणाला. “कॉम्प्युटरवर एका मिनिटाचं काम आहे.”

इतकी वर्षं सरकारी मराठी बोलणारे नाना तिथे आपल्या मूळ बोलीवर आले. “मानूस शे ती!” ते ओरडले. “कापस काय!”

सनई वाजवणारा थांबला. नवरीचे वडील पुढे आले, काका, लोक जेवायचे खोळंबलेत, खाली या. आत्या बिचारी, “नको भाऊ, शुभ काम आहे, मी बरी आहे इथे,” म्हणून मागे सरकायला लागली. नाना मधे हात पसरून उभे. ना इकडे, ना तिकडे. भांडणाऱ्या दोन भावांमधे ते शेतात असेच उभे राहत असणार. शेवटी नवरीच उठली. मुंडावळ्या सावरत आली, आत्याचा हात धरला आणि तिला आपल्या शेजारी नेऊन बसवलं. मग कुणाला बोलायला जागा राहिली नाही. नानांनी खाली उतरून पुठ्ठ्यातून फेरी मारली आणि मान हलवली. परतीच्या एसटीत नानी त्यांच्याशी बोलल्या नाहीत, पण आपल्या पिशवीतली बुंदी त्यांच्या हातावर ठेवली.

त्याच एसटीत मी माझ्या फोनमधला आबांच्या फ्रेमचा फोटो काढून नानांना दाखवला. का, ते मलाही नीट सांगता येणार नाही. जामनेरच्या त्या कापण्यावरून डोक्यात काहीतरी घोळत होतं.

नानांनी फेरी मारली. डाव्या कडेला थांबले.

“पश्चिमेस कोण?”

“कुणाची तरी साडी आहे. कापायची राहिली.”

“कुणाची तरी म्हणजे?” ते माझ्याकडे रोखून बघायला लागले. “नाव असल्याशिवाय शेजार नसतो, मॅडम. विचारा.”

पुढच्या रविवारी मी भडगावला गेले. आई ओसरीत शेंगा फोडत बसली होती. मी भिंतीवरच्या फोटोकडे बोट करून विचारलं, “माय, आबासना बाजूमा कोन शे?”

आईने मानसुद्धा वर केली नाही. “ती मीच शे ना व,” म्हणाली.

मी हातातली पिशवी खाली ठेवली. आई मात्र शेंगा फोडता फोडता सांगत होती. मामांच्या लग्नात सगळे सतरंजीवर बसले होते. फोटोग्राफरने जवळ जवळ सरका म्हटलं आणि आबा नेमके तिच्या पदरावर बसले. चारचौघांत उठा कसं म्हणणार? “माले हालाले जागा नही. तशीच ताणाई बठनू.” मोरपंखी साडी होती, नवी. ती कडेची पट्टी म्हणजे तो ताणलेला पदर.

“मंग तुले कापं कशाले?” मी विचारलं.

“जित्ता मानूसले हार कसा घालतीन?” आई म्हणाली.

तिला त्यात काही वाईट वाटत नव्हतं, आणि मला तर तिथेच बसून रडू आलं. इतकी वर्षं मी ज्या पट्टीवर चिडत होते, जी कापून टाकायचा विचार करत होते, ती माझी आई होती. आईने शेंगांचं सूप बाजूला ठेवलं आणि डोक्यावरून हात फिरवला. मग बराच वेळ त्या फ्रेमकडे बघत राहिली. “काढ मंग मना फोटू,” ती म्हणाली. “पन माले त्यासना बाजूमाच ठेवजो.”

साडी पेटीत तळाशी होती. घडीवर विरली होती, पण रंग शाबूत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोवळं ऊन ओसरीत आलं तेव्हा मी सतरंजी अंथरली. कॉलेजात रजा टाकली होती. आधी पुठ्ठा. उत्तरेस वाळत घातलेले कपडे, काढले. दक्षिणेस बादली, हलवली. सतरंजीचा काठ खालच्या कोपऱ्यातून आईच्या मांडीपर्यंत जाईल असा वळवला, ती वाट. मग अडचण आली ती पूर्वेला. आबांच्या फोटोत पदर डाव्या कडेने बाहेर जात होता. म्हणजे आईची फ्रेम त्यांच्या डावीकडे लागणार आणि तिच्या उजव्या कडेला पदर कापला गेला पाहिजे. नानांच्या शास्त्रात याला माफी नव्हती. कडेवर काही कापायचं नाही, हा त्यांचा पहिला नियम. मी पुठ्ठा खाली ठेवला आणि ठरवलं की कापायचाच.

आईला कडेला सरकवून बसवलं, पदर उजवीकडे पसरला. पण तो ढिला पडायला लागला. ताण येईना. आबांच्या जागेवर काहीतरी ठेवायला हवं होतं. मी स्वयंपाकघरातून वरवंटा आणला आणि चौकोनाच्या बाहेर पदरावर ठेवला.

आई मतदार ओळखपत्रावर असते तशी ताठ बसली होती. ओठ मिटलेले, डोळे माझ्या फोनवर. चारी कडा जागच्या जागी होत्या, आणि मधे आई कुठेच नव्हती. मला नानींची आठवण झाली. मी बटण दाबलं नाही. नुसती थांबले. जितका वेळ लागेल तितका लागू दे, आज फोटो घेतल्याशिवाय मी धुळ्याला जाणार नाही, असं मनाशी म्हटलं.

ऊन आईच्या गुडघ्यावरून हातावर आलं. तिने कंटाळून बाजूला मान वळवली आणि पदरावरच्या वरवंट्याकडे बघितलं.

“त्यासनं वजन जास्त व्हतं,” ती म्हणाली आणि हसली.

तोंडावर हात जायच्या आत मी बटण दाबलं.

भडगावचा फ्रेमवाला म्हणाला, “ताई, ही बाजू बरोबर आली नाही. पदर तुटतोय. थोडं आतून कापून देऊ?” मी म्हटलं, तू एक सूतसुद्धा कापायचं नाहीस. त्याने चमकून बघितलं, पण माझा आवाज ऐकून मुकाट्याने काच बसवली.

नंतर माझी बदली जळगावला झाली आणि देवपूर सुटलं. निघताना मी नानांना फोनवर तो फोटो दाखवायला गेले, तर त्यांनी हात मागे घेतला. “जागेवर जाऊन पाहिल्याशिवाय मी कधी सही केली नाही,” म्हणाले. आणि खरोखरच एका सकाळी भडगावच्या स्टँडवर उतरले, खांद्याला पिशवी, बरोबर नानी. मी जळगावहून आधीच पोचले होते.

आईने पाणी दिलं, चहा ठेवला. नाना खुर्चीवर बसले नाहीत. सरळ भिंतीसमोर उभे राहिले. दोन फ्रेमा शेजारी शेजारी, मधे बोटभर भिंत. आबांच्या फोटोला हार, आईच्या फोटोला नाही. त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला आणि आईच्या फोटोच्या वरच्या कोपऱ्यापासून सुरुवात केली. उजव्या कडेला बोट थांबलं.

“पूर्वेस पदर कापला गेला, मॅडम.”

“गेला नाही नाना. पलीकडे निघतो.”

त्यांचं बोट हळूच बोटभर भिंत ओलांडून आबांच्या फोटोवर गेलं. इकडे मोरपंखी, तिकडे उन्हाने उडालेला तपकिरी, पण ताण एकच. बोट तिथे ये-जा करत राहिलं. परीक्षेच्या निकालाला कधी इतकी घाबरले नव्हते.

“काही चुकनं का भाऊ?” आईने चहाचा कप घेऊन येत विचारलं.

नानांनी राहिलेल्या कडा तशाच सोडल्या. बोट आत आलं, सतरंजीच्या काठावरून वर सरकत गेलं आणि मी त्यांना ओळखायला लागल्यापासून पहिल्यांदाच चित्राच्या मधे जाऊन थांबलं.

“अक्का हासी राहिन्यात,” ते म्हणाले. मला नाही, नानींना.

नानींनी पदराने डोळे पुसले. “देखं एकदानं पीक तुम्ही!” त्या म्हणाल्या, आणि आईच्या हातातला कप घेऊन त्यांनी तो नानांच्या हातात दिला.